नववीतली घसरण आणि वर्गातली सोबत

डिचोली तालुक्यातील एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेली. आठवीपर्यंत तिचे गुण चांगले होते. नववीत तुकड्या नव्याने पाडल्या, तिच्या जवळच्या दोन मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या आणि सहामाही परीक्षेत गणित व विज्ञान या दोन्ही विषयांचे गुण बरेच खाली आले. नव्या वर्गातल्या संगतीमुळे हे झाले का, तुकडी बदलून मागावी का, की दहावीच्या आधीच तिला म्हापशाच्या किंवा पणजीच्या ‘हुशार मुलांच्या’ शाळेत घालावे, असे त्यांनी विचारले आहे.

गोव्यातल्या हायस्कुलांत मी अनेक वर्षे गणित शिकवले आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून तुकड्या पाडणे, वर्गशिक्षकांबरोबर बसून मुलांच्या जागा ठरवणे आणि नेमक्या अशाच प्रश्नांवर पालकांशी बोलणे हे काम केले. त्या अनुभवातून आणि या विषयावर जे संशोधन झाले आहे त्यातून माझे मत असे बनले आहे की वर्गसोबत्यांचा अभ्यासावर परिणाम होतो आणि तो कमी लेखण्यासारखा नसतो. मात्र पालक ज्या वाटेने तो होतो असे समजतात, त्या वाटेने तो फारसा होत नाही. वर्गाची गुणांची सरासरी किती, पहिल्या दहांत कोण आहे, याचा प्रभाव मर्यादित असतो. शेजारी कोण बसते, अडलेले गणित कोणाला विचारता येते आणि त्या वर्गात चारचौघांसमोर कोणत्या गोष्टीची लाज वाटते, या तीन गोष्टींवर बरेच काही ठरते.

ताई, आपण प्रथम हे पाहावे की घसरणीचे कारण खरोखर वर्ग आहे की नववी. नववीत गणिताचा स्वभावच बदलतो. आठवीपर्यंत रीत पाठ करून उदाहरणे सोडवणारे मूलही चांगले गुण मिळवते. नववीत बहुपदी येतात, निर्देशक भूमिती येते, प्रमेयांच्या सिद्धता लिहाव्या लागतात, आणि ‘हे असे का?’ याचे उत्तर देता येत नसेल तर रीत पुरत नाही. विज्ञानातही तेच होते. म्हणून वर्गशिक्षकांना एवढेच विचारा की दुसऱ्या तुकडीत गेलेल्या त्या दोन मैत्रिणींचे गुणही उतरले आहेत का. त्यांचेही तितकेच उतरले असतील तर संगतीला दोष देण्याचे कारण उरत नाही आणि उपाय अभ्यासाच्या पद्धतीत शोधावा लागेल. त्यांचे टिकून राहिले आणि फक्त आपल्या मुलीचे घसरले, तर पुढचे सारे विवेचन आपल्यासाठी आहे.

ही सावधगिरी सुचवण्यामागे कारण आहे. सारख्या स्वभावाची मुले एकमेकांना शोधून काढतात, त्यामुळे ‘वाईट संगतीने बिघडला’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा बिघडू लागलेल्या मुलाने तशी संगत निवडलेली असते. डेनिस कँडल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या माध्यमिक विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा वर्षभर मागोवा घेतला आणि १९७८ साली असे मांडले की मित्रांमधले साम्य काही निवडीतून येते, काही सहवासातून येते, आणि दोन्हींचा वाटा साधारण सारखाच असतो. त्याआधी १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या ६ लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. शाळेच्या इमारती आणि साधनांपेक्षा घरची परिस्थिती, आणि तिच्या खालोखाल सहाध्यायांची परिस्थिती, विद्यार्थ्याच्या यशाशी अधिक निगडित असते, हा तिचा निष्कर्ष फार गाजला. परंतु निगडित असणे आणि कारण असणे यांत अंतर आहे. वर्ग मुलाला घडवतो तसे मूलही वर्गाला घडवत असते, आणि नुसत्या गुणपत्रिका समोर ठेवून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे चार्ल्स मान्स्की यांनी १९९३ साली नेमकेपणाने दाखवले. तेव्हापासून या क्षेत्रातले चांगले अभ्यास अशा प्रसंगांचा शोध घेतात जिथे मुले एकत्र येणे योगायोगाने घडलेले असते. आपल्या मुलीच्या बाबतीत शाळेने तुकड्या नव्याने पाडल्या, म्हणजे मैत्रिणींपासूनची ताटातूट तिने स्वतः निवडलेली नव्हती, ही गोष्ट आपल्या शंकेला थोडा आधार देते.

आता ‘हुशार मुलांच्या’ शाळेबद्दल. या एका निर्णयापायी मी अनेक कुटुंबांना फार कष्ट सोसताना पाहिले आहे, म्हणून स्पष्ट बोलते. शाळेची सरासरी उंच असली की तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे गुण आपोआप वर चढतात, याला भक्कम आधार नाही. उलट ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा असे दाखवले की सारखीच क्षमता असलेल्या दोन मुलांपैकी अतिशय हुशार मुलांच्या शाळेत जाणारे मूल स्वतःला कमी समजू लागते आणि साध्या शाळेतले मूल आत्मविश्वास राखून असते. हा परिणाम पुढे अनेक देशांत आढळला. रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाईनहार्ट यांनी २०२० साली इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळेतले गुण अगदी सारखे असूनही ज्या मुलाचा क्रमांक आपल्या वर्गात वरचा होता त्याची माध्यमिक शाळेतली प्रगती अधिक चांगली झाली, आणि मुलग्यांमध्ये हे जास्त दिसले. ‘मला हे जमते’ ही समजूत मूल वर्गातल्या आपल्या स्थानावरून करून घेते आणि पुढे ती समजूतच त्याच्याकडून मेहनत करवून घेते, असा याचा अर्थ मी लावते. आधीच गणिताने खचलेल्या मुलीला डिचोलीहून रोज म्हापशाला पाठवणे, बसच्या प्रवासात तिचे दोन तास घालवणे आणि तिथे तिला चाळिसांत पस्तिसावी करून ठेवणे, यात तिचे हित मला दिसत नाही.

याच्या उलट बाजूची भीतीही पालकांना असते: गरीब घरची किंवा अभ्यासात मागे असलेली मुले वर्गात आली की आपले मूल मागे ओढले जाईल. गौतम राव यांनी दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांचा अभ्यास केला, जिथे सरकारी नियमामुळे गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी जागा राखल्या गेल्या होत्या. श्रीमंत घरच्या मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर काही परिणाम झाला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली, आणि ती मुले अधिक उदार झाली व गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. २०१९ साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष मी पालक-शिक्षक संघाच्या सभांमध्ये आवर्जून सांगत असे.

मग सोबत नेमकी कुठे लागते? माझ्या मते सगळ्यांत आधी ती लागते लाजेच्या ठिकाणी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत, तर पाचवीपासून बहुतेक हायस्कुले इंग्रजी माध्यमाची. पाचवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मुले माध्यमाप्रमाणे बाकांवर बसतात. इंग्रजी प्राथमिक शाळेतून आलेली पुढे आणि एकत्र, मराठीतून आलेली मागे आणि एकत्र. मराठीतून आलेल्या मुलाला भागाकार उत्तम येतो, पाढे तोंडपाठ असतात, पण ‘डिव्हायडेंड’ कशाला म्हणतात हे उभे राहून विचारायचे म्हणजे सगळ्यांसमोर आपले इंग्रजी उघडे पडते. ते विचारत नाही. शेजारचाही त्याच शाळेतून आलेला असतो, त्यालाही ठाऊक नसते. शंका विचारायची नाही ही सवय तिथे लागते, आणि आठवीपर्यंत घरच्या अभ्यासावर व एखाद्या जिवाभावाच्या मैत्रिणीवर ती झाकून राहते. ही मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली की मुलीची शंका विचारण्याची एकमेव जागा नाहीशी होते. आपण लिहिलेली हकीकत वाचताना मला पहिली शंका हीच आली.

चारचौघांची नजर मुलांच्या निर्णयावर किती जोर धरते, याचा एक प्रयोग लिओनार्डो बुर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये केला आणि २०१५ साली मांडला. अकरावीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा वर्ग मोफत देऊ केला आणि नाव नोंदवण्याचा कागद वाटला. काही कागदांवर लिहिले होते की तुमचा निर्णय वर्गातल्या इतर विद्यार्थ्यांसह सर्वांपासून गुप्त राहील. काहींवर लिहिले होते की तो वर्गातले सोबती सोडून इतरांपासून गुप्त राहील. फरक एवढाच. साधारण वर्गांमध्ये, सोबत्यांना कळणार म्हटल्यावर नाव देणाऱ्यांचे प्रमाण शंभरांमागे सुमारे ११ने खाली आले. त्याहून बोलका भाग पुढे आहे: काही विषय प्रगत वर्गात आणि काही साधारण वर्गात शिकणारे विद्यार्थी प्रगत वर्गात बसलेले असताना सोबत्यांच्या देखत अधिक उत्साहाने नाव देत होते आणि साधारण वर्गात बसलेले असताना मागे सरत होते. मूल तेच, आणि भोवतालची मुले बदलली की ‘मी अभ्यास करतो’ हे दाखवण्याची त्याची तयारीही बदलते.

आपल्या वर्गांत हे रोज दिसते. नववीच्या एखाद्या तुकडीत फळ्यावर उदाहरण घातले की तिसऱ्या बाकावरची मुलगी ते सर्वांत आधी सोडवते, वहीवर कंपासपेटी आडवी ठेवते आणि मान खाली घालून बसते. नाव घेऊन विचारले तर ‘येना टीचर’ (येत नाही) म्हणते. तिच्या वहीत उत्तर बरोबर असते. त्या वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्याला मागून एक विशिष्ट खाकरणे ऐकू येते आणि ते ऐकावे लागू नये म्हणून ती गप्प बसते. शेजारच्या तुकडीत, तितक्याच गुणांच्या मुलांमध्ये, चुकीचे उत्तर देणारा मुलगाही फळ्यापाशी जायला भांडतो. दोन्ही तुकड्यांची सरासरी काढली तर फरक दिसणार नाही. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांच्या २००५ सालच्या प्रयोगात १३ ते १६ वर्षांची मुले संगणकावरच्या मोटार चालवण्याच्या खेळात मित्र जवळ असताना एकटे असण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती, आणि २४ वर्षांपुढच्या प्रौढांवर मित्रांच्या हजेरीचा असा परिणाम होत नव्हता. नववी नेमकी याच वयाची इयत्ता आहे.

दुसरी वाट गोंधळाची आहे, आणि तिच्याविषयी फार लांबवण्याची गरज नाही. वर्गात सतत व्यत्यय आला की शिकवण्याचा वेळ सगळ्यांचाच जातो. इस्राएलमधल्या शाळांवर व्हिक्टर लावी आणि अनालिया श्लोसर यांनी केलेल्या २०११ सालच्या अभ्यासात, ज्या वर्षी वर्गात मुलींचे प्रमाण जास्त होते त्या वर्षी मुलगे आणि मुली या दोघांचेही निकाल चांगले लागले, आणि त्यामागे कमी गोंधळ व शिक्षक-विद्यार्थ्यांमधले बरे संबंध होते. पण गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे बोट दाखवण्यापूर्वी स्कॉट कॅरल आणि मार्क हेक्स्ट्रा यांचे फ्लोरिडातले काम लक्षात घ्यावे. घरात मारहाण सोसणाऱ्या कुटुंबातले मूल वर्गात असले की सोबत्यांचे गुण घटतात, असे त्यांना आढळले. आणि त्या घरातल्या हिंसेची रीतसर तक्रार झाल्यानंतर सोबत्यांवरचा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. ज्या मुलाला तुकडीतून काढा असे पालक म्हणतात, त्याच्या घरी काय चालले आहे हे कोणीतरी विचारणे हा सगळ्या वर्गाच्या अभ्यासाचा प्रश्न असतो. खाणी २०१२ साली बंद पडल्यानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत अनेक घरांची मिळकत थांबली, आणि त्याचा ताण मुलांच्या पाठीवरून वर्गात येताना इथल्या शिक्षकांनी पाहिला आहे.

तिसरी आणि मला सर्वांत आशेची वाटणारी वाट म्हणजे शेजारची मुलगी. दोन मुली बहुपदीचे अवयव पाडत बसल्या आहेत असे समजा: एक्सचा वर्ग, वजा एक्स, वजा ६. एकीला जमते, दुसरीला जमत नाही. जमणारी म्हणते, मधले पद फोडायचे, वजा ३ आणि अधिक २ घ्यायचे. दुसरी विचारते, वजा २ आणि अधिक ३ का नाही, गुणाकार तर तोच येतो? पहिली थांबते. तिने हे उदाहरण अनेकदा सोडवले आहे, पण हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मग ती बेरीज करून पाहते, अधिक १ येते, आणि मधल्या पदाला तर वजा १ हवा. गुणाकार आणि बेरीज दोन्ही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत हे ती मराठीत सांगते आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही ते पहिल्यांदा नीट समजते. शिक्षकाने फळ्यावर हेच तीनदा सांगितलेले असते. पीटर कोहेन आणि जेम्स व चेन-लिन कुलिक यांनी १९८२ साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यावरच्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्यांचाही फायदा झालेला दिसला. हुशार मुलीचा वेळ वाया जातो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

अर्थात नुसते हुशार आणि कच्चे मूल एका बाकावर बसवले की काम झाले, असे मात्र होत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत याच कल्पनेवर तुकड्या मुद्दाम रचल्या गेल्या: अभ्यासात मागे असलेल्यांना खूप पुढे असलेल्यांबरोबर ठेवले. कॅरल, ब्रूस सॅसरडोट आणि जेम्स वेस्ट यांनी २०१३ साली कळवले की मागे असलेले विद्यार्थी आणखी मागे पडले, कारण तुकडीच्या आत पुढचे पुढच्यांशी आणि मागचे मागच्यांशी गट करून राहिले. म्हणून बाक ठरवताना मी दोन गोष्टी पाळत आले: जोडीतले अंतर फार मोठे नसावे, आणि दोघींना मिळून करायचे काहीतरी ठोस काम असावे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीपेक्षा बारावी किंवा पंधरावी येणारी, नुकतेच समजलेले अजून ताजे असलेली मुलगी अनेकदा चांगली शेजारीण ठरते. प्रयोगशाळेत दोघींत एकच परीक्षानळी दिली की बोलणे आपोआप होते. शेजारी शेजारी वेगवेगळ्या वह्यांत फळा उतरवण्याने होत नाही.

वर्गाबाहेरचीही एक गोष्ट आहे. तालुक्यातल्या बहुतेक मुलांना शाळा सुटताच बालरथ, म्हणजे शाळेची बस, किंवा कदंबची सरकारी बस गाठायची असते, त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणींबरोबर बसून अभ्यास होत नाही आणि त्याची जागा व्हॉट्सॲपवरच्या वर्गाच्या ग्रुपने घेतली आहे. रात्री नऊच्या सुमाराला कोणीतरी गृहपाठाचा फोटो टाकते आणि अर्ध्या तासात तो तीस वह्यांत उतरतो. आपल्या मुलीच्या फोनवर असे फोटो येतात का हे रागावून विचारू नका, तिच्या शेजारी बसून त्यातले एक उदाहरण तिला समजावून सांगायला सांगा. ती सांगू शकली नाही तर सहामाहीतल्या गुणांचे अर्धे स्पष्टीकरण तिथेच मिळेल. दुसरीकडे वाड्यावरच्या, वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या शाळेत असलेल्या मुली संध्याकाळी कोणाच्या तरी पडवीत एकत्र बसत असतील, तर तो आधार वर्गातल्या सोबतीपेक्षा कमी नाही. तिच्या जुन्या दोन मैत्रिणी गावातल्याच असतील तर तुकडी बदलण्याआधी हा मार्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी सुरू करून पाहा. घरच्या वडील माणसाने तिथे शिकवायला बसू नये. चहा द्यावा आणि फोन बाजूला ठेवायला सांगावे, इतके पुरे.

शाळेत जाल तेव्हा वर्गशिक्षकांना ‘माझी मुलगी कशी आहे’ असे न विचारता तीन नेमके प्रश्न विचारा: ती कोणाच्या शेजारी बसते, ती वर्गात शंका विचारते का, आणि अडले तर ती कोणाकडे वळताना दिसते. चांगल्या वर्गशिक्षकाला ही उत्तरे ठाऊक असतात, आणि नसतील तर आपल्या प्रश्नामुळे ते आठवडाभर लक्ष ठेवतील. शेजारीण बदलून मागायला संकोच करू नका. तुकडी बदलण्यापेक्षा ते कितीतरी सोपे असते आणि बहुतेक शाळा ते आनंदाने करतात. मात्र ज्या मुलीशेजारून तिला उठवायचे तिच्याविषयी घरी वाईट बोलू नका, कारण ते दुसऱ्या दिवशी वर्गात पोचते आणि आपली मुलगी आणखी एकटी पडते.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या चाचणीपर्यंत थांबा. तोवर शेजारीण बदललेली असेल, संध्याकाळच्या बैठका सुरू झालेल्या असतील, आणि तरीही मुलगी वर्गात तोंड उघडत नसेल, तर तुकडी बदलण्याचा अर्ज जरूर करा. त्यात ‘मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत आहेत’ असे लिहिले तर मुख्याध्यापकांना तो नाकारावाच लागतो, कारण असे अर्ज ढिगाने येतात. वर्गशिक्षकांनी काय पाहिले, आपण काय काय करून पाहिले आणि दोन्ही परीक्षांचे गुण काय आहेत, हे तारखांसह एका पानात लिहा, आणि त्यावर वर्गशिक्षकांचा शेरा घेऊनच तो कार्यालयात द्या.